ओला टॉवेल, अबोला आणि नातेसंबंधांची पुस्तकं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत नाती सुधारणाऱ्या पुस्तकांची यादी आली होती, संवाद कसा साधावा, जोडीदाराला समजून कसं घ्यावं वगैरे, त्यावर हे पत्र लिहितेय. लांब झालं तर खुशाल कापा, फक्त मधला एक भाग कापू नका, कुठला ते वाचताना कळेलच.

मी कराडजवळच्या एका गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात १९ वर्षं देवघेवीच्या काउंटरवर बसते. पगाराचं विचारू नका, 'क' वर्गाच्या ग्रंथालयात अनुदानाची वाट बघत काम केलेल्याला ते माहितीय आणि बाकीच्यांना सांगून खरं वाटणार नाही. तर तुमची यादी आली आणि सोमवारी कुलूप उघडायच्या आधीच दोघं जण दारात उभे, एकांच्या हातात कात्रण आणि दुसऱ्या वहिनींनी मोबाईलवर फोटोच काढून आणलेला. यादीतली चार पुस्तकं आमच्याकडे निघाली, चारही आमच्या 'व्यक्तिमत्त्व विकास' कपाटातली. हे कपाट पाककलेच्या कपाटाला खेटून आहे, जागा नाही म्हणून, पण बायकांना ते सोयीचं पडतं, लोणच्याचं पुस्तक वर ठेवलं की खाली काय नेतेय ते कोणाला दिसत नाही.

या कपाटाची एक गंमत आहे. पुस्तकावर पेन चालवू नये असं कार्डाच्या मागे छापलेलं आहे आणि कादंबऱ्यांच्या बाबतीत लोक ते बऱ्यापैकी पाळतात पण या कपाटातली पुस्तकं परत येतात ती नुसती रंगून. आणि १९ वर्षांत एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आलीय, की खुणा नेहमी दुसऱ्यासाठी केलेल्या असतात. माणसं कशी जोडावीत ते सांगणारं डेल कार्नेगींचं पुस्तक आहे, त्याचा पहिलाच धडा आहे की कोणावर टीका करू नका, दोष देऊ नका, तक्रार करू नका, तर आमच्या प्रतीत त्याच्या शेजारी कोणीतरी बॉलपेननं लिहून ठेवलंय 'सासूबाई', पुढे तीन उद्गारचिन्हं. म्हणजे टीका करू नका या वाक्यावरच टीका करून मोकळी. मी खोडरबर घेऊन बसले होते पण बॉलपेन जात नाही, आणि खरं सांगायचं तर जावंसं मला वाटलंही नाही.

आमच्याकडून समर्थ रामदासांचं चाफळ जवळ आहे म्हणून असेल, मला अशा वेळी दासबोध आठवतो. समर्थांनी त्यातल्या दुसऱ्या दशकाच्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, सुरुवातीलाच मूर्खलक्षणांची यादी दिलीय, स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, दोघं बोलत असताना तिसराच जाऊन मधे बसणारा, अशी एकेक. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं सेल्फ हेल्पच की ते. आमच्या आजीकडे पारायणाला बायका जमायच्या तेव्हा मूर्खलक्षणं वाचताना प्रत्येकीची नजर कोणा ना कोणाकडे वळलेली असायची, स्वतःकडे कोणाचीच नाही. आणि त्याच दशकाचा शेवटचा समास आहे पढतमूर्खाचा, ज्यानं सगळं वाचलंय, ज्याला सगळं कळतं आणि तरी वागणं तसंच. समर्थांनी तो शेवटी ठेवला, का ते या कपाटासमोर बसून मला कळलं.

आता माझं स्वतःचं सांगते, दुसऱ्याला पढतमूर्ख म्हणताना आधी आपली कबुली दिलेली बरी.

मार्शल रोझेनबर्ग नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांची बोलण्याची एक पद्धत आहे, अहिंसक संवाद म्हणतात. त्यात चार पायऱ्या. आधी जे दिसलं तेवढंच सांगायचं, त्यात दोष मिसळायचा नाही, मग त्यामुळे आपल्याला काय वाटलं ते, मग आपली गरज काय आहे ते, आणि शेवटी एक विनंती, हुकूम नाही. याचं प्रतीक त्यांनी जिराफ घेतलंय कारण जमिनीवरच्या प्राण्यांत जिराफाचं हृदय सगळ्यात मोठं, असं ते सांगायचे. मला हे सगळं फार पटलं. आमच्या घरी २२ वर्षं एकच भांडण चालू आहे, हे अंघोळ करून आले की ओला टॉवेल पलंगावर टाकतात. पलंगावर म्हणजे माझ्या बाजूला. तर एका सकाळी मी चार पायऱ्या मनात घोकून घेतल्या, पोळ्या संपवल्या, हात पुसले आणि जाऊन म्हणाले, "अहो, तुम्ही जेव्हा ओला टॉवेल पलंगावर ठेवता, तेव्हा मला हताश वाटतं, कारण मला नीटनेटकेपणाची गरज आहे, तर तुम्ही तो दोरीवर टाकायला तयार आहात का?"

हे शर्टाची बटणं लावत होते, ते थांबले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, बरं वाटत नाहीये का तुला?"

आणि स्वयंपाकघरातून सासूबाई, "कुठल्या सिरीयलमधलं गं हे?"

झालं. अहिंसक संवाद तिथंच संपला आणि पुढचा संवाद नेहमीच्या पद्धतीनं झाला, टॉवेल मीच दोरीवर टाकला, जरा जोरात.

नंतर मी विचार केला की चुकलं काय. पद्धत चुकली नव्हती, वाक्य चुकलं होतं. 'मला हताश वाटतं' असं मराठीत कोण कोणाला म्हणतं? 'मला नीटनेटकेपणाची गरज आहे' हे कोण म्हणतं? मी पुस्तकातलं मराठी तोंडात घेऊन गेले होते. तेच जर म्हणाले असते, "अहो, रात्री गादी ओली लागते हो मला, तेवढा टॉवेल टाका ना दोरीवर", तर त्यात चारही पायऱ्या आल्या असत्या, जे झालं ते, मला कसं होतं ते, हवंय काय ते आणि विनंती, आणि कोणाला माझी तब्येत विचारावीशी वाटली नसती.

माझं तुमच्याकडे आणि तुमच्यामार्फत प्रकाशकांकडे म्हणणं आहे ते हेच. पुस्तकं वाईट नाहीत हो. पण ज्या पुस्तकाचं कामच मुळात 'बोलायचं कसं' हे शिकवणं आहे त्या पुस्तकातलं एकही वाक्य जर घरात बोलता येत नसेल तर ते पुस्तक काय कामाचं? 'जोडीदारासोबत गुणवत्तापूर्ण वेळ व्यतीत करा.' 'आपल्या भावनांची मालकी घ्या.' 'आपल्या सीमारेषा स्पष्टपणे अधोरेखित करा.' मी काउंटरवर बसून असली वाक्यं मोठ्यानं वाचते आणि पेपर वाचायला आलेले आजोबा विचारतात सातबाऱ्याची नोटीस आलीय का.

बरं, मालकीचंच घ्या. इंग्रजीत माणूस रागावलेला 'असतो', त्यामुळे त्याला सांगावं लागतं की बाबा हा राग तुझा आहे, समोरच्यानं तो तुझ्यात घातलेला नाही. आपल्या मराठीत राग 'येतो'. कंटाळा येतो, आठवण येते, रडू येतं, कीव येते. 'मला' राग आला, म्हणजे तो माझ्याकडे आला आणि येतो तो जातोही. इतकी सुंदर सोय भाषेत आयती पडलेली आहे, ती वापरून सांगा ना, की राग आलाय ना, येऊ दे, बसू दे, जाईल, तोपर्यंत तोंड उघडू नकोस. यासाठी मालकी हक्काची भाषा कशाला?

आता नावाचं. कार्नेगी सांगतात की माणसाला स्वतःचं नाव सगळ्यात गोड लागतं, म्हणून नाव लक्षात ठेवा, नावानं हाक मारा. त्यांच्या जागी ते बरोबर आहे, ते १९१२ पासून न्यूयॉर्कच्या वायएमसीएत मोठ्या माणसांना चारचौघांत बोलायला शिकवत होते, विद्यार्थी कोण तर धंद्यातले, ऑफिसातले, विक्री करणारे लोक, आणि १९३६ साली जे पुस्तक निघालं ते त्या वर्गातल्या शिकवण्यातूनच तयार झालेलं. गिऱ्हाईकाचं नाव लक्षात ठेवलं की गिऱ्हाईक टिकतं, हे आमच्या वाण्यालाही माहितीय. पण तेच पुस्तक लोक घरच्या नात्यांसाठी नेतात तेव्हा काय करायचं? माझ्या सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव जन्मात घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवल्यावर. मी यांना 'अहो' म्हणते, माझी जाऊ तिच्या नवऱ्याला नावानं हाक मारते तर त्यावर दोन वर्षं धुसफूस चालली होती. आमच्याकडे गोड काय लागतं तर नावामागचं नातं, काकू, वहिनी, भाऊजी, ताई. नवीन सून पहिल्यांदा तोंडभरून 'आई' म्हणाली की सासू विरघळते, पुढचं पुढे. अनुवादकानं इथं एक तळटीप तरी टाकावी की नाही.

(जाता जाता, कार्नेगींचं स्वतःचं पहिलं लग्न १९३१ साली मोडलं होतं, पुस्तक यायच्या पाच वर्षं आधी. मी हे एका सभासदाला सांगितलं तर ते म्हणाले, मग बरोबर आहे, अनुभवातून लिहिलंय.)

तुमच्या यादीत जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं पुस्तक होतं हे मात्र चांगलं केलंत, त्या माणसानं नुसते सल्ले दिलेले नाहीत, मोजमाप केलंय. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी घरासारखी जागा तयार केली, जोडप्यांना तिथं राहायला बोलवलं, त्यांचं बोलणं कॅमेऱ्यात टिपलं आणि भांडताना नाडीचे ठोके सुद्धा मोजले. त्यातून त्यांनी चार वाईट खोडी काढल्या, माणसावरच टीका करणं, तुच्छतेनं बोलणं, दर वेळी स्वतःचीच बाजू सावरणं, आणि चौथं म्हणजे भिंत होणं, समोरचा बोलतोय आणि आपण दगड. यातली तुच्छता सगळ्यात वाईट, डोळे फिरवणं, नाक मुरडणं, चिडवून बोलणं, जिथं ही मुरली ते लग्न टिकणं अवघड.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की अहो या दोन गोष्टींना आमच्याकडे घरगुती नावं आहेत. टोमणा आणि अबोला. 'तुच्छतादर्शक अभिव्यक्ती' कशाला म्हणायचं?

आणि आमचा टोमणा त्यांच्यापेक्षा एक इयत्ता पुढचा आहे. सिएटलमधे नवरा बायकोला लावून बोलतो ते निदान तिच्याकडे बघून. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सकाळी उठून वाचत बसायचे, पंधरा-वीस मिनिटं, तर सासूबाई मांजराला दूध घालताना म्हणायच्या, "ये गं बाई, तुला तरी वेळेवर घालते, इथं कोणाला वेळ आहे." आता याला उत्तर काय देणार? उत्तर दिलं तर "तुला कुठं काय बोलले, मी मांजराशी बोलत होते." पुस्तक सांगतं थेट बोला, नजरेला नजर देऊन बोला, पण ज्या बोलण्याचा पत्ताच मांजराचा आहे त्याला थेट उत्तर कसं द्यायचं हे मला एकाही अनुवादात सापडलेलं नाही. मी शेवटी एक दिवस मांजरालाच म्हणाले, "मने, आईंना सांग, वाचून झालं की दोघींचा चहा मी टाकते." सासूबाई हसल्या. त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही, टोमणे चालूच आहेत, पण तेव्हापासून आमच्यात मांजर ही एक वाट उघडी राहिली. ती मनी गेली, आता तिची नात आहे, तिच्याशीही दोघी बोलतो.

अबोल्याचं तर विचारूच नका. गॉटमन म्हणतात भांडताना ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं ऐकूच येत नाही, डोकं चालत नाही, म्हणून निदान २० मिनिटं थांबा, दुसरं काहीतरी करा आणि मग परत येऊन बोला. २० मिनिटं! आमच्या आईवडिलांचा अबोला चार-चार दिवस चालायचा. आई मला सांगायची, "बाबांना सांग ताट वाढलंय", बाबा दोन हातांवर बसलेले, आणि मी वळून सांगायचे, "बाबा, ताट वाढलंय", बाबा म्हणायचे, "आईला म्हणावं भूक नाही." मी सात-आठ वर्षांची, मला ते टपाल पोचवायला आवडायचं सुद्धा, महत्त्व आल्यासारखं वाटायचं, नंतर मोठी झाले तेव्हा कळलं की माझ्या पोटात तेव्हा सारखं दुखायचं ते कशामुळे.

पण अबोला सुटायचा कसा ते बघा. सॉरी नाही, चर्चा नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबा भाजी घेऊन यायचे, त्यात आईला आवडणारी मेथी, पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि आई विचारायची, भिंतीकडे बघत, "चहा टाकू का?" झाला समेट. गॉटमन यांच्या पुस्तकात यालाही जागा आहे, ते म्हणतात की भांडण वाढू नये म्हणून केलेली कुठलीही गोष्ट, एखादा शब्द, एखादा विनोद, ही दुरुस्तीच आहे, आणि समोरच्यानं ती ओळखून घेणं महत्त्वाचं. म्हणजे मेथीची जुडी ही दुरुस्ती. हे त्या अमेरिकन माणसानं मान्य केलं असतं, पण अनुवादात उदाहरण येतं ते जेवणाच्या टेबलावरच्या मेणबत्तीचं आणि आमचे काका पुस्तक परत करताना म्हणतात, "चांगलंय, पण आपल्यातलं नाही."

त्यांचंच अजून एक सांगते कारण त्यानं मला फार धीर आला. नवरा-बायकोच्या भांडणांतली ६९ टक्के कधीच सुटत नाहीत असं त्यांच्या संशोधनात निघालंय, स्वभावातले फरक असतात, ते राहणारच, फक्त त्यांच्याबद्दल हसतखेळत बोलता यायला हवं. हे मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मग टॉवेल त्यातच आला." मी म्हटलं, "टॉवेल उरलेल्या ३१ टक्क्यांत आहे, गुपचूप दोरीवर टाका." आणखी एक आकडा आहे त्या पुस्तकात, टिकणाऱ्या जोडप्यांत भांडतानासुद्धा एका वाईट बोलण्यामागे पाच चांगल्या गोष्टी असतात, तर आमचे एक निवृत्त मास्तर सभासद ते वाचून वहीत रोजचा हिशोब मांडायला लागले, अधिक-उणे करून. वही काकूंना सापडली. पुढचं मास्तरांनी सांगितलं नाही, फक्त म्हणाले आकडे बिघडले.

तुमच्या यादीत त्या पाच प्रेमभाषांचंही पुस्तक होतं, गॅरी चॅपमन यांचं, १९९२ सालचं. ते उत्तर कॅरोलिनातले चर्चचे पाद्री, तिथं येणाऱ्या जोडप्यांना सल्ला द्यायचे, त्यातून त्यांना वाटलं की कोणाला कौतुकाचे शब्द लागतात, कोणाला सोबत, कोणाला भेटवस्तू, कोणाला आपलं काम कोणी केलेलं, कोणाला स्पर्श. कल्पना म्हणून छानच आहे. हल्ली कॉलेजच्या मुली तर 'माझी लव्ह लँग्वेज अमुक' असं व्हॉट्सॲप स्टेटसला टाकतात. पण तीही परत खूण करण्यासारखीच गोष्ट झालीय, माझी भाषा ही आहे तर तू ती शिक, मी तुझी शिकणार नाही. माझ्या सासऱ्यांनी २२ वर्षांत माझ्या एकाही भाजीला चांगली म्हटलेलं नाही. मी घरातून निघायच्या वेळी ते फक्त स्कूटीपाशी उभे असतात, चाक दाबून बघतात आणि म्हणतात, "हवा कमी आहे." बस, एवढंच. पहिली पाच-सहा वर्षं मला तो दोष काढल्यासारखा वाटायचा.

माझ्या धाकट्या बहिणीचं पण सांगायचं होतं. तिचा फोन आला की तासभर. मी म्हणते, "अगं त्यांच्याशी एकदा शांतपणे बोल." "हो गं ताई, पण ते ऐकत नाहीत." "मग दिराला मधे घाल." "हो गं, पण तो त्यांचाच." "मग चार दिवस इकडे ये." "हो गं, पण मुलांची शाळा." एरिक बर्न नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६४ च्या पुस्तकात हा खेळ हुबेहूब दिलेला आहे, तू असं का करत नाहीस आणि हो पण, त्यांनी लिहिलंय की यात उपाय हवाच नसतो, समोरच्याचे सगळे उपाय संपवायचे असतात. वाचून मी इतकी हसले. आता ती फोन करते तेव्हा मी नुसतं "मग गं?" म्हणते. फोन अर्ध्या तासावर आला.

आता तो भाग, जो कापू नका म्हटलं होतं.

चारेक वर्षांपूर्वी एक मुलगी यायची, लग्न होऊन दीड-दोन वर्षं झालेली, नाव-गाव सांगत नाही. तिनं पहिल्यांदा येऊन विचारलं, "मॅडम, समोरच्याला राग येऊ नये म्हणून कसं बोलायचं, असं पुस्तक आहे का?" मी आनंदानं काढून दिलं. पंधरा दिवसांनी परत केलं, दुसरं मागितलं, तशाच विषयाचं. तिसरं. चौथं. मला वाटायचं किती शिकायची आवड आहे बाई हिला. तिच्या पुस्तकांवर खुणा असायच्या पण वेगळ्या, तिनं खुणा स्वतःसाठी केलेल्या होत्या, 'मी हसून बोलायला हवं', 'मी आधी ऐकून घ्यायला हवं', बारीक पेन्सिलीनं, आणि परत द्यायच्या आधी खोडलेल्या, पण दाब राहतो ना कागदावर, उजेडात धरलं की दिसतं. इतक्या वर्षांत स्वतःसाठी खुणा करणारी ती एकटीच होती आणि मला ते तेव्हा कौतुकाचं वाटलं. मे महिना होता, उकाडा मरणाचा आणि ही पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून. पुस्तक घेताना बाही वर सरकली.

मी बघितलं आणि मी काय केलं असेल तर तारखेचा शिक्का मारला. पुस्तक दिलं. रात्री झोप आली नाही.

पुढच्या वेळी आली तेव्हा मी तिला आत चहाला बसवलं आणि तेव्हा बोलली. मार खाणाऱ्या बाईनं जेव्हा 'नीट बोलायचं कसं' हे पुस्तक वाचलं तेव्हा त्यातल्या प्रत्येक पानानं तिला हेच सांगितलं होतं की तुझंच बोलणं चुकतंय, अजून गोड बोल, अजून ऐकून घे. आणि ती पानं मी तिच्या हातात ठेवली होती, एक नाही, चार पुस्तकं. ती माहेरी गेली. चौथं पुस्तक तिचा भाऊ आणून देऊन गेला, काउंटरवर ठेवलं आणि काहीच न बोलता वळला.

म्हणून तुम्हाला विनंती आहे की अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा खाली एक चौकट टाका. जिथं मारहाण आहे, धमकी आहे, पैसे काढून घेतले जातात, घराबाहेर पडू देत नाहीत, तिथं हा विषय संवादकौशल्याचा नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात नुसता मार नाही तर घालूनपाडून बोलणं, मानसिक छळ आणि पैशाची अडवणूकही येते, संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, तक्रार बाईच्या वतीनं दुसरं कोणीही कळवू शकतं. महिला हेल्पलाईनचा नंबर १८१. आणि महाराष्ट्रात पोलिसांच्या जागेतच बसणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आहेत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईत पहिला सुरू केला, आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मी हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, दार उघडल्यावरच दिसेल असं. कमिटीतल्या एकांनी विचारलं हे इथं कशाला, लोकांना काय वाटेल. मी म्हटलं काढायचं तर मला आधी काढा.

राहता राहिलं मराठी पुस्तकांचं. आपल्याकडे असं लिहिणारे नाहीत असं नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती 'स्वभाव-विभाव'मधे आणली ती आपल्यासमोर बसून बोलल्यासारखी, आमच्याकडची प्रत शिलाई सुटेपर्यंत फिरलीय, दोनदा बाइंडिंग केलं. पण सासू-सुनेनं एका ओट्यावर कसं बोलावं, बापानं १७ वर्षांच्या पोराशी काय बोलावं ज्याचं उत्तर नुसतं 'हं' नसेल, नणंद चार दिवस राहायला आल्यावर 'नाही' कसं म्हणायचं, वाटणीच्या आदल्या रात्री भावाला फोन करून पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, यावर मला मराठीत वाक्यं हवीत, बोलता येणारी, साताऱ्याकडच्या माणसाच्या तोंडात बसणारी, आणि नागपूरकडच्यांनी त्यांची लिहावीत, मालवणातल्यांनी त्यांची. तुमच्या पुरवणीत अर्धा कॉलम द्या, वाचकच लिहून पाठवतील, मी पहिली. आमच्या काउंटरवर रोज दोन-चार नमुने ऐकायला मिळतात.

एक शेवटचं. आमच्याकडे नवरा-बायकोच्या नात्यावरचं एक अनुवादित पुस्तक आहे, त्याच्यावर दोन रंगांच्या खुणा आहेत. आधी निळ्या पेनानं कोणीतरी रेघा मारून समासात लिहिलंय 'हे वाचा'. मग लाल पेनानं दुसऱ्या अक्षरात, 'वाचलं. पान ८६ तू वाच.' पान ८६ वर निळ्यानं, 'मी कधी असं केलं?' खाली लाल, 'दिवाळीत.' असं शेवटपर्यंत. रजिस्टरवरून कार्ड एकच निघतं, म्हणजे ते एकाच घरात वाचलं गेलं, समोरासमोर जे बोलता आलं नाही ते दोघांनी ग्रंथालयाच्या पुस्तकात बोलून घेतलं. शेवटच्या पानावर निळ्यानं लिहिलंय 'ठीक आहे' आणि लाल काही नाही. नियमानं मी दंड लावायला हवा होता, लावला नाही. गेल्या महिन्यात त्याच कार्डावर तेच पुस्तक परत गेलंय आणि मुदत संपून तीन आठवडे झाले. ज्यांच्याकडे असेल त्यांनी हे पत्र वाचलं तर घाई नाही म्हणावं, फक्त संपलं की आणून द्या, दुसरे लोक थांबलेत.

आपली,
एक ग्रंथपाल, कराड तालुका